साहेबाच्या टर्क्या आणि माझं खुराडं

लग्न होऊन मी धानोऱ्याला आले तेव्हा सासरच्या मागच्या अंगणात तीन कोंबड्या होत्या आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणीच नव्हतं. उकिरड्यावर चरायच्या, गोठ्यातल्या गवतात अंडी घालायच्या, आणि ती अंडी बहुतेक वेळा मुंगूस खायचं. सहा वर्षांत मी त्या तीनच्या वीस-बावीस केल्या. गोठ्याच्या भिंतीला लागून मी स्वतःच्या हातानं मातीचं खुराडं रचलं, वर तुराट्या टाकल्या, खाली दर आठवड्याला राख पसरायची. कोणती कोंबडी कधी खुडूक होऊन अंड्यांवर बसणार हे मला तिच्या चालीवरून कळायचं, आणि कोणत्या अंड्यातून पिल्लू निघेल आणि कोणतं वांझोटं, हे मला अंडं उन्हाकडे धरलं की समजायचं. गल्लीतल्या बाया कोंबडी अंडी उबवायला, रवणीला बसवायची म्हटलं की आधी मला विचारायला यायच्या.

मी दिसायला सामान्य, स्वयंपाकही बेताचाच. भाकरी माझ्यापेक्षा धाकट्या जावेची चांगली व्हायची, गाणं तिचं चांगलं, आणि हसली की सगळं घर हसायचं. ती शहाद्याकडची. तिच्या माहेरी विहिरीला बारमाही पाणी होतं, घरात चार भाऊ होते, आणि दर सणाला तिला कुणीतरी न्यायला यायचं. मला हे सगळं दिसत होतं, पण मी मनाला सांगायची, कोंबड्या तर माझ्याच आहेत ना. त्या एका गोष्टीत घरात माझ्या वर कुणी नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण रोज सकाळी खुराड्याची फळी बाजूला करताना मला ते आठवायचं.

धाकटा दीर नंदुरबारला रेल्वेच्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. पंधरा दिवसांनी घरी यायचा. एका हिवाळ्यात तो साहेब बदली होऊन दूर गेला आणि जाताना बंगल्यावरचं बरंच सामान नोकरांना वाटून गेला. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला कंदील. आमच्या दिराच्या वाट्याला तीन टर्क्या आल्या. एक नर, दोन माद्या.

बैलगाडीतून मोठाल्या टोपल्यांत त्या आल्या तेव्हा मी चुलीपुढे होते. बाहेर पोरांचा गलका ऐकून हात पुसत आले, तर अर्धं गाव आमच्या दारात. दिरानं नराची टोपली उघडली. तो बाहेर आला, अंग झाडलं, आणि एकदम शेपटीचा पंखा उघडून उभा राहिला. पिसं काळी, पण उन्हात तांब्यासारखी चमकत होती. डोक्यावर पीस नव्हतंच. मान आणि डोकं आधी निळसर होतं, ते बघता बघता लाल झालं. चोचीवरून एक मांसाची सोंड लोंबत होती. पोरं ओरडली, तसा तोही गळ्यातून असा आवाज काढून ओरडला, जणू कुणी हंडा पाण्यात बुडवतंय. पोरं पुन्हा ओरडली, तो पुन्हा ओरडला. म्हातारी माणसंसुद्धा हसून हसून खाली बसली.

"कोन्या शेत या?" कुणीतरी विचारलं.

दीर म्हणाला, "हिन्या." आणि बायकोकडे बोट दाखवलं.

धाकटी लाजली, पदर तोंडावर घेतला, पण तिचे डोळे मी पाहिले. मला आतून असं काही टोचलं की मी परत चुलीकडे गेले आणि तव्यावरची भाकरी करपेपर्यंत नुसती बघत बसले.

दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात माणसांची ये-जा सुरू झाली. शेजारच्या गावाहूनही लोक आले. सासरे सहा वर्षांत कधी कोंबड्यांकडे फिरकले नव्हते. त्यांनी आता बाज मागे टाकली आणि आल्यागेल्याला तो नर ओरडवून दाखवू लागले. माझा लाल कोंबडा त्यांच्या बाजेखालून जायचा. असला तुरेबाज कोंबडा आसपासच्या गावांत नव्हता. त्याला ते पायानं बाजूला सारायचे.

या टर्क्या ठेवायच्या कुठे, हा प्रश्न आला. सासू म्हणाल्या, "खुराडामा ठेवा. तठेच कोंबड्यासंगे ऱ्हातीन."

मी म्हणाले, "आत्या, मन्हं खुराडं भरेल शे. त्यामा कसं माईन?"

"मोठं करी लेवूत."

"पण माती, पिसवा, त्यासनी घाण..."

सासूंनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुन्हा डोयामा काय खुपी ऱ्हायनं ते माले दिसस," त्या म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या. धाकटी खाली बघून पाटा धूत होती, तिनं वर पाहिलं नाही. त्यानंतर मी त्या विषयावर तोंड उघडलं नाही. त्या क्षणी माझ्याकडे खरंच काही कारण नव्हतं. मला फक्त माझं खुराडं माझंच हवं होतं.

माझ्या नवऱ्यानं दोन दिवस खपून खुराडं वाढवलं. भिंत उंच केली, बाभळीच्या फांदीची जाड काठी आडवी बसवली, दाराला नवी फळी लावली. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते की छपरातून पावसाळ्यात गळतं, जरा नीट करून द्या. तेव्हा वेळ नव्हता. आता भावाच्या बायकोसाठी दोन दिवस शेतावर गेले नाहीत. मी त्यांना चहा नेऊन दिला, आणि शेजारी कप ठेवला तो इतक्या जोरात की अर्धा चहा सांडला.

पहिले काही दिवस लाल कोंबड्यानं त्या मोठ्या पक्ष्याला चांगलंच धाकात ठेवलं. एवढा धिप्पाड नर, पण लाल अंगावर गेला की मान खाली घालून पळायचा. लाल त्याची सोंड चोचीत धरून लोंबकळायचा. एकदा रक्त आलं. धाकटी धावत आली, "बाई, धरा ना वं त्याले!" मी धरला, पण सावकाश. तिच्या आधी पोचता आलं असतं, मी पोचले नाही. तिनं हळद आणून लावली, त्या नराची मान मांडीवर घेऊन बसली. मला मनातून गार वाटत होतं.

ते फार टिकलं नाही. पंधरा दिवसांत त्या नराला आपलं अंग केवढं आहे ते उमगलं. त्यानं एका सकाळी लालला पायाखाली घेतला. मी काठी घेऊन सोडवला तेव्हा त्याचा एक पाय कायमचा अधू झाला होता. त्या दिवसापासून लाल खुराड्याच्या कडेला उभा राहायचा आणि दाणे टाकले की सगळ्यांचं झाल्यावर यायचा. त्याच्याकडे बघितलं की मला माझंच काहीतरी बघितल्यासारखं व्हायचं आणि मी नजर वळवायची.

माघ सरता सरता माद्या अंडी घालू लागल्या. कोंबडीच्या अंड्याहून मोठी, तपकिरी ठिपक्यांची. पण त्या बसत नव्हत्या. थोडा वेळ बसायच्या, मग उठून गोठ्याच्या छपरावर जायच्या. धाकटीला काय करावं समजेना. ती माझ्याकडे आली.

"बाई, तुमनी एक खुडूक बठेल शे ना? तिन्हा खाले ही अंडी ठेवूत का? तुमना हात चांगला शे."

माझी काळी कोंबडी खुडूक बसली होती. माझी सगळ्यात शहाणी कोंबडी. तिच्याखाली ठेवायला मी माझी तेरा अंडी निवडून ठेवली होती. नाही म्हणायला काही हरकत नव्हती. पण "तुमना हात चांगला शे" हे तिनं इतक्या सरळ मनानं म्हटलं की मी हो म्हणून बसले. शिवरात्रीच्या आदल्या दिवशी तिची दहा अंडी काळीखाली ठेवली.

कोंबडीची पिल्लं एकवीस दिवसांत निघतात. या अंड्यांना त्याहून आठवडाभर जास्त लागतो, हे दिरानं सांगितलं होतं. एकवीस दिवस झाल्यावर काळी अस्वस्थ झाली. उठायची, अंड्यांकडे बघायची, पुन्हा बसायची. तिच्या हिशेबानं काम झालं होतं. मी तिला तिथंच दाणापाणी नेऊन द्यायची, वर टोपली झाकून अंधार करायची, पाठीवरून हात फिरवायची. तो आठवडा मी त्या कोंबडीपाशी जेवढी बसले तेवढी माझ्या स्वतःच्या पिल्लांपाशीही कधी बसले नव्हते. होळी झाली, आणि पाडव्याच्या दोन दिवस आधी अंडी फुटली. दहातून नऊ पिल्लं.

पण ती खाईनात. समोर कणी टाकली तर तिच्यावर पाय देऊन उभी राहायची. कोंबडीचं पिल्लू जन्मलं की टोचायला लागतं, यांना ते येत नव्हतं. काळी टकटक करून दाखवायची, ही पिल्लं आपली आभाळाकडे बघायची. धाकटी रडकुंडीला आली. मी दुसऱ्या कोंबडीखालची माझी दोन नुकतीच निघालेली पिल्लं आणून त्यांच्यात सोडली. ती दोघं लगेच दाणे टिपू लागली, आणि त्यांचं बघून एकेक करत ही नऊही शिकली. उकडलेल्या अंड्यात कांद्याची पात बारीक चिरून मी त्यांना घातली.

संध्याकाळी सासरे लोकांना सांगत होते, "धाकटीनी नऊ काढात. साहेबना घरबी इतला निघत नव्हतात." धाकटी तिथं होती. ती म्हणाली, "बाईंनी काढात." पण तोवर सासऱ्यांनी दुसरी गोष्ट सुरू केली होती. तिनं सांगितलं होतं, हे मला कबूल केलं पाहिजे. मी मात्र फक्त सासऱ्यांचं वाक्य घेऊन आत गेले.

पिल्लं तीन आठवड्यांची असताना मिरचीचा शेवटचा माल घेऊन आमची गाडी नंदुरबारला गेली. मला बांगड्या भरायच्या होत्या म्हणून मीही गेले. दिरासाठी भाकरी आणि लोणचं दिलं होतं, ते द्यायला आम्ही बंगल्यावर थांबलो. तिथं आता नवा साहेब होता, नोकर जुनेच. दीर कुठे कामाला गेला होता. नवरा बैलांना पाणी दाखवायला गेला. मी बंगल्याच्या मागे, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहिले. तिथला म्हातारा खानसामा बाहेर आला. दक्षिणेकडचा कुठला तरी. मोडकं मराठी बोलायचा.

"माळ्याची भावजय ना तुम? टर्की कसे आहेत?"

मी म्हणाले, नऊ पिल्लं निघाली. त्याला फार आनंद झाला. मग त्यानं विचारलं, "ठेवता कुठे?"

"कोंबड्यांत."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "नाही, बाई. एक बात सांगतो, ध्यानात ठेवा. कोंबडीच्या जागेत टर्कीचं पिल्लू जगत नाही. कोंबडीला काही होत नाही, पण तिच्या जमिनीतून यांना रोग लागतो. पिवळी हगवण लागते, डोकं काळं पडतं, मान टाकून बसतात, आणि जातात. आम्ही एकदा सगळी घालवली. मग साहेबानं दूर बांधून घेतलं. ते बघा."

त्यानं बोट दाखवलं. बंगल्याच्या एका टोकाला कोंबड्यांचं घर होतं, आणि पार दुसऱ्या टोकाला, मध्ये अख्खी बाग सोडून, तारेच्या जाळीचा रिकामा कोंडवाडा होता. "मला वाटलं, माळ्यानं वेगळीच ठेवली असतील," तो म्हणाला. "तुमच्या जावेला सांगा. आजच वेगळी करा. जिथं कधी कोंबडी चरली नाही, अशा जागी."

मी मान हलवली. नवरा आला, आम्ही निघालो.

घरी गेल्यावर सांगायचं, एवढंच करायचं होतं. पण अंगणात शिरले तर सासरे पिल्लांना मांडीवर घेऊन बसले होते, आणि धाकटी त्यांना गूळपाणी देत होती. माझ्या मनात आलं, मी आता म्हणाले की या पिल्लांना माझ्या खुराड्यातून काढा, तर सासू काय म्हणतील? तेच म्हणतील जे सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. मी आधी उगाच हरकत घेतली होती, आता खरी हरकत घेतली तर कोण खरी मानणार?

हे कारण खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. मला बघायचं होतं. नऊची आठ झाली, सात झाली, तर तिचं हसू कसं दिसतं, ते मला बघायचं होतं.

उद्या सांगेन, म्हणत दिवस गेले. पिल्लं अंगानं भरली, त्यांना पिसं फुटली. मला वाटू लागलं, म्हाताऱ्याचं बोलणं बंगल्यापुरतं असेल, आमच्याकडची माती वेगळी असेल. मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली.

आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी जातात. झाडांना झोके बांधलेले असतात, मुली गाणी म्हणतात. धाकटीचा भाऊ दोन दिवस आधीच गाडी घेऊन तिला न्यायला आला. माझ्याकडे त्या वर्षी कुणी आलं नाही. भाऊ एकच, आणि त्याच्या घरी आजारपण होतं. मी अंगण सारवत होते आणि धाकटी नवं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली.

"बाई, आठ दिन जाई येस. पिलं तुमना भरवसावर शेत. काही वेगळं करानं व्हई ते सांगी द्या, मी करी जास."

इतकं सरळ तिनं विचारलं. माझ्या हाताला शेण लागलं होतं, मी वर बघितलं. तिच्या हातात हिरव्या बांगड्या होत्या, कपाळाला नवं कुंकू. मागे तिचा भाऊ बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांच्या माळा सारख्या करत होता.

"काय सांगानं?" मी म्हणाले. "जाय तू. देखसू मी."

गाडी गेली. मी पुन्हा सारवायला वाकले.

चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू भिंतीशी मान पोटात घालून उभं होतं. पंख लोंबलेले. खाली बघितलं तर विष्ठा गंधकासारखी पिवळी. मी जे बघायची वाट पाहत होते ते समोर होतं, आणि मला ते बघवेना. त्याला उचललं तर अंगात वजनच नव्हतं. दुपारपर्यंत ते गेलं. संध्याकाळी आणखी दोन तशीच उभी राहिली.

मी त्याच संध्याकाळी उरलेली आठ टोपलीत घातली आणि शेतातल्या खोपीकडे निघाले. तिथं कधी कोंबडी गेली नव्हती. सासूंनी विचारलं, "कोठे लई चालनी?"

"शेतमा. आठे मरतीन."

"आते समजनं का तुले?" त्या सहज म्हणाल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण मला ते आरपार गेलं.

खोपीत मी चार दिवस राहिले म्हटलं तरी चालेल. उजाडलं की जायची, दिवस मावळला की नवऱ्याला तिथं ठेवून घरी यायची. लसूण ठेचून दिला, ताकात हळद दिली, ओवा दिला. माझ्याकडे जेवढं होतं तेवढं केलं. ज्यांनी आधीच रोग आणला होता ती एकामागून एक गेली. डोकी खरंच काळी पडत होती, खानसाम्यानं सांगितलं होतं तशीच. पाचवं गेलं तेव्हा मी त्याला बांधाशी पुरलं आणि तिथंच बसून रडले. नवऱ्याला वाटलं, हिला पिल्लांचा लळा लागला.

आठव्या दिवशी धाकटी माहेरची शिदोरी घेऊन सरळ शेतात आली. तिला वाटेतच कळलं होतं.

"कितला उरनात?" तिनं विचारलं.

"तीन."

ती खोपीत वाकली. तिन्ही पिल्लांना एकेक करून हातात घेतलं, त्यांची पोटं चाचपली. मग माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. "तुम्ही इतलं करं, बाई. मी आठे ऱ्हाती ते मन्हाकडून एकबी वाचतं नही." तिनं शिदोरीतली पुरणपोळी काढून मला दिली. मी ती घेतली. खाल्लीही. ती पोळी खाताना मला जे वाटलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही.

त्या आठवड्याच्या शेवटी दीर घरी आला; मधली एक खेप त्याची चुकली होती. सगळे मागच्या अंगणात बसले होते. पिल्लांचं ऐकून तो माझ्याकडे वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं.

"वयनी, खानसामानी तुमले सांगेल व्हतं ना? तो माले म्हणे, तुन्ही भावजयले बठ्ठं सांगी दिन्हं. तीन आठवडा व्हयनात."

सासऱ्यांनी बाजेवरून पाय खाली घेतले. नवरा माझ्याकडे बघत होता आणि मी त्या अधू लालकडे. खोटं बोलायला जागा होती. विसरले, त्याचं मराठी कळलं नाही, काहीही सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "हा, सांगं व्हतं त्यानी."

सासू उठल्या. त्या काहीतरी फार मोठ्यानं बोलणार होत्या, पण धाकटीनं त्यांना हातानं थांबवलं. ती माझ्यासमोर आली.

"तुम्ही माले सांगं असतं ते मी ऐकं नसतं का, बाई?"

एवढंच. तिनं ना शिवी दिली, ना ती रडली. तिनं ऐकलंच असतं. ती माझं सगळंच ऐकायची. घरात फक्त तीच माझं ऐकायची, आणि हे मला त्या दिवशी कळलं. मी मान खाली घालून आत गेले.

नंतर घरात भांडण झालं नाही. ती मला पूर्वीसारखीच हाक मारायची, पाणी आणायला सोबत यायची, पीठ संपलं की मागायची. फक्त पक्ष्यांबद्दल तिनं मला काही विचारणं बंद केलं. एखादी मादी लंगडली तरी ती स्वतःच बघायची, नाहीतर शेजारणीला विचारायची. त्या शेजारणीला कोंबडीतलं काहीही कळत नव्हतं. मी दुरून बघायची आणि मला त्या शेजारणीचाही हेवा वाटायचा.

पावसाळा संपल्यावर दिराला नंदुरबारला राहायला खोली मिळाली. धाकटी तिकडे जाणार हे ठरलं. टर्क्या तिथं नेता येणार नव्हत्या. तिन्ही मोठ्या आणि ती तीन वाचलेली पिल्लं, आता चांगली उंच झालेली. सगळ्यांनी धरून चाललं होतं की त्या माझ्याकडे राहतील. मीही धरून चालले होते. मी खोपीशी कुंपण घालून ठेवलं होतं, कुणी न सांगता.

जायच्या आदल्या दिवशी तिचा भाऊ शहाद्याकडून गाडी घेऊन आला आणि सहाही पक्षी टोपल्यांत भरले गेले. तिनं त्या आपल्या आईकडे पाठवल्या. मी कुंपणाचं काही बोलले नाही. तिनं ते पाहिलेलं होतं. टोपलीवर दोरी आवळताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मन्ही माय दिनभर घरमा एकटी ऱ्हास. तिन्हा जीव लागी." ते खरंही असेल. मी दोरीचं दुसरं टोक धरलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मागचं अंगण पुन्हा माझं झालं. खुराडं मोठं, दाराला नवी फळी, आत फक्त माझ्या कोंबड्या. सासऱ्यांनी बाज पुढच्या ओट्यावर नेली. मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि कितीतरी दिवस मी सकाळी ती फळी काढायला उशीर करायची.

दोन वर्षं अशी गेली. ती सणाला यायची, जायची. तिसऱ्या वर्षी एका दुपारी मी विहिरीजवळच्या पाटावर धुणं धूत असताना ती आली. नंदुरबारहून आईकडे निघाली होती, मध्ये उतरली होती. माझ्याशेजारच्या दगडावर बसली, पाय पाण्यात सोडले. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "बाई, मायनी निरोप देयेल शे. मादीनं अंडं पातय पडी ऱ्हायनं, कवच नहीच. हातमा फुटी जास. काय करानं?"

माझ्या हातातलं लुगडं पाण्यात गेलं. मी ते ओढून काढलं, पिळलं, दगडावर ठेवलं. मग मी तिला सांगितलं. चुन्याची भुकटी दाण्यात किती घालायची ते सांगितलं. अंड्याची रिकामी टरफलं तव्यावर भाजून, अगदी बारीक कुटून द्यायची, अख्खी दिली तर मादीला अंडी फोडून खायची सवय लागते, हेही सांगितलं. नदीकाठची शिंपली मिळाली तर ती. मादीला उन्हात सोडायची, अंधारात डांबायची नाही. अंडी घालून ती थकली असेल तर आठ दिवस नरापासून दूर. मला आठवेल ते सगळं सांगत गेले, मध्ये थांबले की ती पुढचं विचारायची.

मी संपवलं तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आते बठ्ठं सांगं का, बाई?"

"बठ्ठं सांगं," मी म्हणाले. या वेळी मी सगळंच सांगितलं होतं.

तिनं मान हलवली, पाय पाण्यातून काढले, पुसले. मग धुण्याच्या बादलीची कडी एका बाजूनं तिनं धरली, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आम्ही घराकडे निघालो. वाटेत तिनं सांगितलं की आईकडे आता पंधरा झाल्यात, लांबून लांबून लोक बघायला येतात. ऐकताना तेच जुनं टोचणं पुन्हा जागं झालं. ते कधी गेलंच नाही, आज या वयातही जात नाही. पण मी तिला विचारलं, "त्यासले कोंबड्यासपासून दूर ठेयेल शेत ना?"

"गावना दुसरा टोकले," ती म्हणाली, आणि बादली धरलेला हात बदलला.